न केलेला नवस

आमच्या घरातून कुणी उगाच कुठे जात नसे. लग्नाला जात, मयताला जात, दवाखान्यात जात, कोर्टाच्या तारखेला जात आणि नवस फेडायला जात. गाडी जुंपायची तर यातलं एखादं कारण लागे. मजा म्हणून, बघायचं म्हणून, घरातल्या चार माणसांनी मिळून हसावं म्हणून गाडी जुंपली, असं माझ्या बाराव्या वर्षापर्यंत मी पाहिलं नव्हतं. बैलांना निदान पोळा होता. त्या दिवशी त्यांना रंगवून गावातून मिरवत. घरातल्या बायकांना तेवढंही नव्हतं. हे मी विनोदानं लिहीत नाही. मला त्याचा राग आहे, साठ वर्षं झाली तरी आहे, आणि तो कमी करून लिहावा असं मला मुळीच वाटत नाही.

आमचं गाव तापीच्या काठी, शहाद्याच्या अंगाला. कापूस, केळी, थोडा ऊस. तिथून चार कोसांवर सारंगखेडा. मार्गशीर्षातल्या पुनवेला तिथे दत्ताची जत्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आमच्याकडचे पुरुष दरवर्षी जात. घोडा विकत घ्यायची ऐपत घरात कुणाचीच नव्हती, पण दुसऱ्याच्या घोड्याचे दात बघायला जाणं हे पुरुषांचं काम समजलं जाई. त्याला उगाच म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आईनं ती जत्रा एकदाच पाहिली होती, तीही लांबून. माहेराहून परत येत होती, मी तेव्हा तिच्या मांडीवर होते. गाडी रस्त्यानं चालली असताना बाभळींच्या शेंड्यांवर तिला एक लाकडी पेटी वर आलेली दिसली. पेटीत दोन बायका बसल्या होत्या आणि मोठ्यानं हसत होत्या. ती पेटी खाली गेली, दुसरी वर आली. जत्रेतला पाळणा म्हणजे काय ते तिनं ऐकलं होतं, पाहिला तो त्या दिवशी. गाडी थांबली नाही. थांबवा म्हणायची तिला सोय नव्हती. पण त्या दोन बायकांना वरून तापी कशी दिसली असेल, एवढं मात्र तिच्या डोक्यात कायमचं राहिलं. जन्म तापीकाठी गेला, रोज तिचं पाणी भरलं, पण काठावर उभं राहून दिसते तेवढीच नदी तिला माहीत होती. वरून बघायची होती. बाई काही सोन्याचा गोफ मागत नव्हती.

मी बारा वर्षांची झाले त्या वर्षी आईनं बेत केला. बेत हा शब्द आमच्या घरात पुरुषांनी वापरायचा, पण आईनं जसा केला तसा मी पुढे कुणालाच करताना पाहिलं नाही. पहिला प्रश्न पैशांचा. कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे चांगला कापूस वेचून शेत मोकळं झालं, की बोंडांत अडकलेला, डागाळलेला, किडका कापूस मागे राहतो. त्याला कवडी म्हणतात. कवडी बायकांची, असा आमच्याकडे रिवाज होता. पुरुष तिला हात लावत नसत, कारण तिचे पैसे हात लावण्याइतके येतच नसत. आई त्या वर्षी भर उन्हात एकटी कवडी वेचत राहिली. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटांची नखं सोलून निघाली. फेरीवाल्यानं जे दिलं ते तिनं घेतलं आणि कासारणीकडे ठेवायला दिलं.

कासारीण म्हणजे गावोगाव बांगड्या भरत फिरणारी बाई. आमच्याकडे महिन्यातून एकदा यायची. आईनं पैसे तिच्याकडे ठेवले, कारण आमच्या एवढ्या मोठ्या घरात आईचा म्हणावा असा एक डबा नव्हता. प्रत्येक डब्यात मोठ्या काकूंचा हात जायचा. बाहेरच्या बाईवर विश्वास टाकणं तिला घरापेक्षा सोपं गेलं. घर म्हणवणाऱ्यांनी या वाक्यावर जरा थांबावं.

ही कासारीण सगळ्या जत्रा फिरलेली. तिच्याकडून आईनं एकेक गोष्ट काढून घेतली. बांगड्या भरता भरता, मनगट तिच्या हातात देऊन, आई हळूच विचारायची.

"पाळनाना किती लेतस?"

"पुनवना दिन दुप्पट लेतस. तू दोन दिन आगोदर जाय. सकायले जाय. गर्दी नई ऱ्हास. पाळनावाला रिकामा बसेल ऱ्हास, दोन फेरा जास्त देस."

पुनवेच्या दोन दिवस आधी जायचं ठरलं. राहायला धर्मशाळा नको, गाडीखालीच कडबा पसरून झोपायचं. खायला बाहेर काही घ्यायचं नाही. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे लाडू. आम्ही तीन भावंडं. मी थोरली, माझ्या पाठीवर आठ वर्षांचा भाऊ आणि पाच वर्षांची बहीण. प्रत्येकानं एकच गोष्ट निवडायची असा आईचा नियम. भावानं मौतका कुवा निवडला, कारण तिथे माणूस विहिरीच्या भिंतीवरून फटफटी चालवतो असं त्यानं शाळेत ऐकलं होतं. मी आरसेमहाल निवडला. धाकटीनं शिट्टी मागितली, मग फुगा, मग पुन्हा शिट्टी. तिचा निकाल लागेना. आईनं पाळणा निवडला. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांना घोडे बघायचे होते, आणि ते फुकट होतं.

सहा महिने हा बेत आम्ही चौघांनी खेळवला. जात्यावर, विहिरीवर, शेंगा फोडताना. धाकटी रोज विचारायची, "उद्या का?" आणि आई म्हणायची, "उद्या नई, पन जासूत." मी आईला एवढं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आप्पांना तिनं सांगितलं तेव्हा ते खूश झाले. त्यांचा स्वभाव गोड होता. गोड स्वभावाच्या माणसांवर मी आजही पटकन विश्वास ठेवत नाही. ते म्हणाले, "जाऊत ना. पन आबाले इचारनं पडी. गाडी एकत्रनी शे." आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. गाडी, बैल, शेत सगळं एकत्र आणि सगळं आबांच्या शब्दावर. मग आप्पांनी विचारावं ना? तर नाही. "तूच इचारी ले, पोरना हाते." एवढं बोलून त्यांनी तोंडात गुळणी धरली ती जत्रेपर्यंत.

'पोरना हाते' याचा अर्थ सांगायला हवा. आमच्याकडे सून आपल्या जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नसे. त्याच्यासमोर यायचं तर पदर कपाळाखाली ओढून, आणि आवाज तर त्याच्या कानावर पडताच कामा नये. काही सांगायचं असेल तर मध्ये एक मूल उभं करायचं. सून दाराआडून मुलाच्या कानात सांगणार, मूल ते ओट्यावर जाऊन मोठ्यानं बोलणार. आबा मुलाला उत्तर देणार, मूल ते आत पोचवणार. आबांना आईचा शब्द अन् शब्द आतून ऐकू यायचा, तरी मी सांगेपर्यंत तो ऐकू आला नाही असं सगळ्यांनी धरायचं. तेरा वर्षं आई त्या घरात राहिली होती आणि तिचा आवाज कसा आहे हे आबांना माहीत नसल्याचं नाटक रोज चालायचं. आमच्या घरात तो निरोप माझा. थोरली म्हणून.

तर मी ओट्यावर गेले. आबा बाजेवर बसले होते, शेजारी भाऊबंदांतले दोघं तंबाखू मळत होते. आई दाराआड, तिचा हात माझ्या वेणीजवळ.

"आबा, माय म्हनस, औंदा जत्राले जाऊत का?"

"कोन?"

"आप्पा, माय आनी आम्ही तिन्ही."

"काबरं?"

मी मागे वळले. आईनं कानात सांगितलं, "पोऱ्हेस्ले पाळना दखाडाना शे." ती स्वतःचं नाव घेणार नव्हतीच.

"पाळना दखाले," मी म्हणाले.

आबा हसले. ते वाईट हसले असं मला म्हणता येत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. लहान मूल बोबडं बोललं की हसतात तसे हसले. "पाळना दखाले! वावरमा कापूस फुटी ऱ्हायना, येचाले मानूस भेटत नई, आनी ह्या चालनात पाळना दखाले! उगंच कोनी गाडी जुपस का?" तंबाखू मळणारे दोघेही हसले. एकानं तर हात जोडून पाळण्यात बसल्यासारखं अंग झुलवून दाखवलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हीच माणसं घोड्यांचे दात बघायला जात होती. मला कवडी वेचून सोललेली आईची नखं दिसत होती आणि हे हसत होते. मी मागे वळले नाही. आईला काही विचारलं नाही. निरोप्यानं निरोप सांगायचा असतो, पण मी माझंच बोलले.

"उगंच नई. मायना नवस शे."

हसणं थांबलं.

"कसाना नवस?"

"भाऊ आजारी व्हता तवयना. बरा व्हयना तं दत्तना पायवर घालसू, आशे माय बोलनी व्हती."

भाऊ आदल्या वर्षी मुदतीच्या तापानं खरंच मरता मरता वाचला होता. नवस मात्र कुणी केला नव्हता. आई त्या एकवीस दिवसांत त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती. नवस करायला तिला उसंत मिळाली नव्हती.

माझी वेणी मागून एकदम घट्ट आवळली गेली. आईला ओरडून सांगायचं होतं की पोर खोटं बोलते आहे. पण ती कशी सांगणार? सांगायला मध्ये मूल लागणार, आणि मूल मीच. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, सारंगखेड्याच्या दिशेला हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "मंग पहिले काबरं नई सांगं? देवना नवस आशा अंगवर ठेवतस का?"

मला वाटलं, मी जिंकले. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "आनी एकला कोनी नवस फेडस का? बठ्ठी भाऊबंदकी जाई. मी सोता येसू."

आत आल्यावर आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती जात्याजवळ मटकन खाली बसली.

"तू हाई काय करं?"

"गाडी तं भेटनी ना," मी म्हणाले. मला अजून कळलं नव्हतं.

"मंग सांगी टाक ना त्यास्ले, पोर खोटं बोलनी," असंही मी थोड्या वेळानं म्हणाले, तिचं तोंड पाहून. तिनं अंगणाकडे पाहिलं. भाऊ भोवरा फिरवत होता.

"आते कसं सांगू? देवनं नाव लिधं तू. पोऱ्यानं नाव लिधं."

मग ती उठली, देवापुढे गेली, निरांजन लावलं आणि हात जोडून पुटपुटत राहिली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण कळलं. माझ्या तोंडून निघालेला नवस ती तेव्हा करत होती. मुलगा बरा होऊन वर्ष झाल्यावर त्याच्या बरं होण्याचा नवस. अशी हिशेबाची उलटापालट दुसरी कुठे झाली असेल असं मला वाटत नाही. देवाला ती चालली असेल तर त्याच्यावरही माझा राग आहे.

त्या क्षणापासून बेत आमचा राहिला नाही. नवस म्हटला की त्याला नियम आले, आणि नियम माहीत असणारी माणसं आमच्याकडे उदंड. कासारणीनं सांगितलेला रिकामा दिवस गेला, नवस पुनवेलाच फेडायचा. दोन दिवसांची जत्रा गेली, कापूस वेचायचा आहे म्हणून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. एका गाडीच्या तीन गाड्या झाल्या. दशम्या गेल्या. नदीकाठी वरण-बट्टीचं जेवण करायचं ठरलं, भाऊबंदकीतल्या पस्तीस माणसांचं. नवस करणारीनं नैवेद्य स्वतःच्या हातानं रांधायचा आणि तो देवाला दाखवेपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही, हे मोठ्या काकूंनी सांगितलं. त्या आबांच्या बायको, घरातल्या थोरल्या सूनबाई. नियम सांगताना त्यांचा चेहरा नेहमी उजळायचा.

आबांनी गव्हाचं पोतं दिलं, डाळ दिली. मोठ्या मनानं दिली. तूप-गुळाचा खर्च मात्र नवसवालीचा, कारण दुसऱ्याच्या तुपानं नवस फिटत नाही. आई कासारणीला निरोप पाठवून मोकळी झाली. ती पुरचुंडी घेऊन आली, आईच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मंग, पाळना पक्का ना?"

"बट्टीले तूप लेवानं शे," आई म्हणाली.

"वं बहीन! वरीसभरनी कवडी तुपमा?" कासारीण बांगड्यांची पाटी खाली टेकून बघतच राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिथून निघून गेले.

आईनं तरी पाळण्यापुरते पैसे बाजूला काढले. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. गाठ मारताना मला दिसावी अशी मारली. "रांधनं व्हयनं का जासूत," एवढंच म्हणाली. म्हणजे बेतातलं सगळं जाऊन एक पाळणा उरला होता. मलाही तेवढा पुरेसा वाटला. आरसेमहाल मी मनातून कधीच सोडून दिला होता.

पुनवेच्या पहाटे आम्ही निघालो आणि उन्हं चढता चढता पोचलो. पाळणा गाडीतूनच दिसला. बाभळींच्या वर, आईनं सांगितला होता तसाच. दोन माणसं त्याच्या दांड्यांवर चढून आपल्या वजनानं तो फिरवत होती. धाकटी गाडीत उभी राहून नाचायला लागली. आईनं पदर वर सरकवला आणि त्याच्याकडे पाहून घेतलं. तेवढ्यात गाडी नदीकडे वळली.

नदीकाठी तिनं वाळूत चर खणला. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. कणीक मळायला घेतली. चुलवण वाऱ्याच्या बाजूनं लावावं लागतं, त्यामुळे तिचं तोंड पाण्याकडे आणि पाळणा बरोबर पाठीमागे. मदतीला बायका होत्या, नाही असं नाही. पण नैवेद्य शिवायचा नाही म्हणून बट्टीला हात तिचा एकटीचा. बाकीच्या वांगी चिरून, हात धुऊन बांगड्या बघायला गेल्या.

आबांनी आम्हा पोरांना हाताशी धरून सगळी जत्रा दाखवली. मौतका कुवा दाखवला. आरसेमहालात नेलं. धाकटीला शिट्टीही घेतली आणि फुगाही घेतला. आपल्या खिशातले पैसे त्यांनी मोजलेसुद्धा नाहीत. आम्ही सहा महिने एकेक गोष्ट निवडायला भांडलो, ते सगळं त्यांनी दोन तासांत उधळून दिलं. "नवसना दिन शे, खावा, खेळा!" असं म्हणत राहिले. माणूस उदार होता हो. नुसती मागून गाडी मिळत नव्हती, एवढंच. मी आरशासमोर उभी होते, त्यात माझं तोंड हंड्याएवढं दिसत होतं आणि मला हसू येत नव्हतं.

मग त्यांनी आम्हाला पाळण्यात बसवलं. मला बसायचं नव्हतं, आईच्या आधी नाही. पण भावाला एकट्याला कसं बसवायचं म्हणून मला त्याच्याबरोबर घातलं. पेटी वर गेली. मी डोळे मिटून घेतले होते, ते अगदी वर उघडले.

तापी दिसली. केवढी होती! एका टोकाकडून येत होती, दुसऱ्या टोकाला जात होती, मध्ये वाळूचे पट्टे, पलीकडे दुसऱ्या काठाची शेतं. आणि अलीकडच्या काठावर धुराची ओळ. पन्नासएक चुलवणं पेटली असतील, आणि प्रत्येकाजवळ एक बाई वाकलेली. जत्रा सगळी एका बाजूला आणि या बाया सगळ्या दुसऱ्या बाजूला, जत्रेकडे पाठ करून. त्यांतली हिरव्या लुगड्याची माझी आई. मी पेटीच्या काठाला धरून उभी राहिले आणि बोंबलले, "माय! ए माय! वर दख!" पेटी खाली गेली, पुन्हा वर आली. मी पुन्हा हाका मारल्या. तिनं वर पाहिलं नाही. ती चिमट्यानं बट्ट्या उलथत होती.

नैवेद्य झाला. भावाला दत्ताच्या पायांवर घातलं, तो लाजून हसला. मग पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग बायकांची. आईनं शेवटी दोन घास खाल्ले. मग भांडी. मी तिच्याबरोबर वाळूनं परात घासत होते आणि उन्हाकडे बघत होते. परत निघायची वेळ झाली होती. आबा माणसं गोळा करत होते. आईनं हात धुतले, पदराची गाठ चाचपली आणि मला म्हणाली, "चाल, झटपट."

आम्ही दोघी पळालो. आई पळताना मी प्रथमच पाहिली. पाळण्याजवळ आमचीच भाऊबंदकी उभी होती, शेवटची चक्कर मारून उतरलेली; आबा, आप्पा, भाऊ सगळे तिथेच. आईनं गर्दीतून वाट काढली. पाळणेवाल्यानं पेटी धरून ठेवली. आईनं एका हातानं पेटीचा काठ धरला आणि उजवा पाय आत टाकला.

"वं, तू कोठे चालनी?" मोठ्या काकूंचा आवाज आला. "नवसवाली शे तू! नवसना दिनले हौस करतस का? देव रागे भरना आनी पोऱ्याले काही व्हयनं तं?"

आईनं पाय बाहेर घेतला. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, पण पाळण्यात गेलेला तिचा पाय तेवढाच.

मी तेव्हा काय केलं ते मला स्वच्छ आठवतं. मी सगळ्यांसमोर, आबांसमोर, आप्पांसमोर ओरडले, "नवस खोटा शे! मी खोटं बोलनू व्हतू! मायनी नवस करेलच नई! बसू द्या तिले!" ओरडताना मी रडत होते, पण शब्द न् शब्द नीट ऐकू जाईल असा बोलले. आप्पा जमिनीकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांना सगळं माहीत होतं, बेत माहीत होता, कवडी माहीत होती. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. ते पायातल्या जोड्यातली वाळू झाडू लागले.

आबांची नजर माझ्यावरून आईवर गेली, आईवरून भावावर गेली.  देवाच्या दारात, मुलाच्या जिवावर खोटा नवस बोलला गेला, याचा अर्थ काय होतो हे तिथे प्रत्येकाला कळत होतं.

आणि आई बोलली. दाराआडून नाही, माझ्या कानात नाही. पदर कपाळाखाली होता, पण आवाज मोठा आणि सरळ आबांच्या तोंडावर.

"पोर खोटं बोली ऱ्हायनी. नवस मी करेल शे."

तेरा वर्षांत जेठासमोर तिचे पहिले शब्द हे. त्या एका दिवसात मी खरं बोलले होते आणि तिनं मला खोटं पाडलं. भावासाठी पाडलं, माझ्यासाठीही पाडलं असेल, कारण देवाच्या नावानं खोटं बोलणारी पोर म्हणून माझं नाव गावभर झालं असतं. हे मला आज समजतं. समजल्यानं राग जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

आबा दचकले. सून आपल्याशी बोलली याचंच त्यांना जास्त काही झालं असावं. त्यांनी मान फिरवली आणि आप्पांना म्हणाले, "चाला, बैल जुपा." मोठ्या काकूंनी 'वं माय' म्हणून तोंडावर हात ठेवला. पाळणेवाल्यानं आमची पेटी सोडून दिली. ती रिकामीच वर गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही मागे बसलो होतो. भाऊ आईच्या मांडीवर पेंगत होता, धाकटी अधूनमधून शिट्टी वाजवत होती. पाळणा अजून बाभळींवर दिसत होता. आई बराच वेळ तिकडे बघत होती. मग आप्पांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "वरतीन काय दिसनं?"

मला तापी सांगता आली असती. वाळूचे पट्टे, पलीकडची शेतं, सगळं सांगता आलं असतं. ती त्याचीच वाट बघत होती. पण मी रागानं फुटत होते.

"तू दिसनी," मी म्हणाले.

तिनं भावाचं डोकं मांडीवर नीट सरकवून घेतलं. "मी काय करी ऱ्हायनी व्हती?"

"बट्ट्या उलथी ऱ्हायनी व्हती. मी तुले हाका मारी ऱ्हायनू व्हतू. तू वर दखंच नई."

"धूर व्हता वं बेटा," ती म्हणाली.

मग तिनं पदराची गाठ दातांनी सोडली आणि आतले पैसे माझ्या हातावर ठेवले. मी ते मुठीत धरले, आणि घर येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही.